दुसरी पसंती मागणारा उमेदवार

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियातल्या राज्यांच्या निवडणुकांत भारतीय वंशाचे उमेदवार वाढत चालल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. फोटो छान होते. कोण मूळचा कुठला, कुणाचे आजोबा कधी गेले, कुणी प्रचारात गणपतीची आरती केली, सगळं आलं. हे लोक निवडून कसे येतात, तेवढं मात्र राहून गेलं. आडनावं मोजून झाली की आपला त्या निवडणुकीतला रस संपतो, असं दिसतं.

न्यू साउथ वेल्सचे अर्थमंत्री डॅनियल मुखी यांनी २०१५ मध्ये तिथल्या विधान परिषदेत भगवद्गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, हे आपल्याकडे सगळ्यांनी छापलं होतं. छापायला हरकत नाही. पण गुरमेश सिंग २०१९ मध्ये कॉफ्स हार्बरमधून आमदार झाले ते शेतकऱ्यांच्या नॅशनल पक्षाकडून. त्या भागात वूलगूल्गाला शीख कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या बागा करत आली आहेत. केळीचा भाव, पाऊस, मजूर यावर बोलणारा माणूस तिथल्या शेतकऱ्यांनी निवडला. ‘भारताचा झेंडा फडकला’ असा मथळा त्यांच्यावर टाकला तर त्यांनाही अवघडल्यासारखं होईल.

मी मुलुंड पूर्वेला राहते. माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि नोकरीत असेपर्यंत निवडणूक ड्युटी काही चुकली नाही. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष. पहाटे मॉक पोल, एजंटांच्या सह्या, संध्याकाळी सतरा-सी, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म, भरायचा, मशीन सील करायचं आणि साहित्य जमा करायच्या रांगेत मध्यरात्र काढायची. त्यामुळे उमेदवार म्हटला की मला त्याचं भाषण आठवत नाही, त्याचा एजंट आठवतो. २०२२ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे मेलबर्नला होते. ती शहराच्या पश्चिमेला, वेरिबीच्या बाजूला राहते, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला, शनिवारी, व्हिक्टोरिया राज्याचं मतदान होतं. लेक-जावयाने इथलं नागरिकत्व सोडून तिथलं घेतलं असल्यामुळे त्यांना मत होतं. नुसतं होतं असं नाही, द्यावंच लागतं. नाही दिलं तर दंडाची नोटीस घरी येते.

मतदानाच्या आधी एका दुपारी दारावर एक उमेदवार आला. बरोबर कार्यकर्ता एकच, तोही कॉलेजातला पोरगा वाटला. हार नाही, ढोल नाही, मागे गाड्या नाहीत. लेकीने दार उघडून सरळ सांगितलं, “माझं पहिलं मत तुमच्या पक्षाला नाहीये. दुसऱ्याला द्यायचं ठरलंय.” मला वाटलं, झालं, आता हा गृहस्थ पुढच्या घराकडे वळणार. तो म्हणाला, “चालेल. मग दोन नंबर?” आणि तिथेच पायरीवर उभं राहून त्याने विचारलं, नंबर दोन मिळवायला मी काय करायला हवं. लेकीने स्टेशनला जाणाऱ्या बसची तक्रार सांगितली. पोराने ती टॅबवर टिपून घेतली. मग लेकीने त्याला उलट प्रश्न टाकला, “तुमच्या कार्डावर तुमच्यानंतर कोण आहे?” त्याने खिशातून छापील कार्ड काढून दाखवलं. त्यावर मतपत्रिकेतली सगळी नावं होती आणि प्रत्येकापुढे एक आकडा. स्वतःपुढे एक, आणि खाली ज्यांच्याशी तो लढत होता त्या सगळ्यांना त्याने लावलेला क्रम.

मी आत खुर्चीत बसून हे ऐकत होते. आमच्या सोसायटीच्या दारात आलेल्या उमेदवाराला असं उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. बूथनिहाय आकडे निकालानंतर सगळ्यांनाच मिळतात. एका निवडणुकीनंतर आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक बरोबर आमच्या फाटकाच्या अलीकडे येऊन थांबले होते. कारण विचारल्यावर त्या पक्षाचा माणूस हसला, एवढंच.

आता ही भानगड काय आहे ते सांगते. व्हिक्टोरियाच्या विधानसभेत ८८ जागा आहेत आणि प्रत्येक मतदारसंघातून एकच आमदार येतो, आपल्यासारखंच. पण मतपत्रिकेवर एका नावापुढे शिक्का मारून भागत नाही. सगळ्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे, एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही. लेकीच्या भागात डझनाहून जास्त उमेदवार होते, म्हणजे तेवढे आकडे. मोजताना आधी फक्त पहिल्या पसंतीची मतं मोजतात. कुणाला निम्म्याहून जास्त मिळाली तर तो आला. नाही मिळाली तर सर्वांत खालचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटायच्या. कुणीतरी निम्मा ओलांडेपर्यंत हेच. याच वेरिबीत ८ फेब्रुवारी २०२५ ला पोटनिवडणूक झाली, बारा उमेदवार होते. लेबर आणि लिबरल या दोन्ही मोठ्या पक्षांना पहिल्या पसंतीची एक तृतीयांश मतंसुद्धा मिळाली नाहीत. शेवटी लेबरचा उमेदवार थोडक्यात निघाला तो बाकीच्या दहा जणांच्या मतदारांनी त्याला दुसऱ्याच्या वर ठेवलं म्हणून. अशा ठिकाणी दुसऱ्याच्या मतदाराला दुखावून चालत नाही. गणिताच्या बाईला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

‘हे परदेशी फॅड आहे, आपल्याला जमणार नाही’ असं कुणी म्हणेल म्हणून सांगते, हे आपण करतोच. मुंबई पदवीधर मतदारसंघासाठी २६ जून २०२४ ला मतदान झालं. तिथे मशीन नसतं, कागद असतो. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच पसंतीक्रम लिहायचा. आकडा देवनागरी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं की मत बाद, बरोबरची खूण केली की बाद. पहिली पसंती सक्तीची, पुढच्या ऐच्छिक. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेला अगदी हाच नियम आहे. शिक्षक मतदारसंघातही हेच. तिथे मी कितीतरी वर्षं मत दिलं आहे, आणि स्टाफरूममध्ये ‘साहेब, पहिली नाही तर निदान दुसरी द्या’ असं हात जोडून मागणारे उमेदवार पाहिलेले आहेत. हाच माणूस विधानसभेला उभा राहिला की कसा बोलतो तेही पाहिलं आहे. माणूस तोच, मागायची गोष्ट बदलली. (पदवीधरांची इतकी मतं बाद कशी होतात, हा वेगळा विषय आहे. माझे काही विद्यार्थी त्यात असणार.)

ऑस्ट्रेलियात ही पद्धत काही तत्त्वज्ञानातून आलेली नाही. १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान इथे केंद्राच्या संसदेसाठी पोटनिवडणूक झाली. सत्ताधाऱ्यांच्या बाजूची मतं त्यांचा पक्ष आणि शेतकऱ्यांचा उमेदवार यांच्यात फुटली आणि एक तृतीयांशाच्या आसपास मतं घेऊन लेबरचा बावीस वर्षांचा पोरगा निवडून आला. सत्ताधारी हादरले आणि त्याच वर्षी केंद्राच्या निवडणुकीसाठी पसंतीक्रमाचा कायदा झाला. थोडक्यात, बंडोबांनी केलेली गोची. आपण बंडोबांचे थंडोबा करतो. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फोन, गाड्या, महामंडळाची आश्वासनं आणि काय काय. त्यांनी बंडोबांना उभं राहू दिलं आणि मोजायची रीत बदलली. तिथे एकाच आघाडीचे दोन पक्ष एकाच जागेवर समोरासमोर लढतात आणि मतं फुटण्याच्या भीतीने कुणाला घरी बसवावं लागत नाही. आपल्याकडे महापालिकांच्या निवडणुकीत मतदानाआधीच बिनविरोधचे फटाके वाजतात. ज्या वॉर्डात मी ड्युटी करायची तिथे मतदानच झालं नाही, तर मला सुट्टी मिळाली असती. मतदाराला काय मिळालं?

नामसाधर्म्याचंही तेच. २०१४ मध्ये रायगड लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाने साडेनऊ हजारांहून जास्त मतं घेतली होती. मी कुठल्याही बाजूची नाही, पण असा उमेदवार कशासाठी उभा राहतो हे शेंबडं पोरही सांगेल. सगळ्यांना क्रम द्यायचा असेल तर पहिला आकडा चुकून भलत्या नावापुढे पडला, तरी दुसरा खऱ्याला मिळण्याची सोय राहते. मग डमी उभा करायचा खर्च कोण करेल?

तिथे सगळं सोन्याचं आहे असं मला म्हणायचं नाही. केंद्राध्यक्षाच्या नजरेने बघितलं तर काही गोष्टींनी माझ्या पोटात गोळा आला. बोटाला शाई नाही. म्हैसूरच्या त्या शाईशिवाय निवडणूक होऊ शकते हे पचायला मला वेळ लागला. ओळखपत्रही कुणी मागत नाही. नाव सांगा, पत्ता सांगा, ‘या निवडणुकीत आधी मत दिलंय का’ याचं उत्तर द्या, घ्या मतपत्रिका. बाहेर फाटकाशीच सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एका रांगेत कार्डं वाटत उभे. आमच्याकडे शंभर मीटरच्या आत पट्टा घालून कुणी दिसला तर मी हवालदाराला बोलावलं असतं. तिथे एका पक्षाच्या आजीबाई वाऱ्याने उडालेला दुसऱ्या पक्षाचा बॅनर कुंपणाला बांधून देत होत्या. शाळेच्या पालकांनी अंगणात सॉसेज भाजायला घेतले होते. मी शाकाहारी, त्यामुळे मला कांदा आणि पाव मिळाला.

वरच्या सभागृहांत तर पसंतीक्रमाचा पार बाजार झाला होता. शंभर नावांना आकडे कोण देणार, म्हणून मतदाराने फक्त एका पक्षापुढे १ लिहायचा आणि पुढचा क्रम त्या पक्षाने आधीच नोंदवून ठेवायचा, अशी सोय काढली. मग चिल्लर पक्षांनी आपसांत साटंलोटं केलं. १९९९ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेला २६४ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिका सुमारे एक मीटर रुंद झाली, लोकांनी तिला टेबलक्लॉथ म्हटलं. त्या राज्याने धडा घेऊन ती सोय बंद केली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने नाही केली, तर २०२१ मध्ये तिथे डेलाइट सेव्हिंग पार्टी नावाच्या पक्षाचा उमेदवार पहिल्या पसंतीच्या ९८ मतांवर विधान परिषदेत जाऊन बसला. अठ्ठ्याण्णव! आमच्या सोसायटीच्या कमिटीला याहून जास्त लागतात. त्यानंतर तिथेही कायदा बदलला आणि २०२५ पासून सगळं राज्य मिळून एकच मतदारसंघ केला. म्हणजे क्रम मतदाराने स्वतः लावला तरच या पद्धतीला अर्थ. पक्षाच्या हातात दिला की घोडेबाजार, आणि तो प्रकार आपल्याला कुणी शिकवायला नको.

उमेदवाराविषयी आणखी एक गोष्ट आपल्या बातमीत असायला हवी होती, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात तर नक्कीच. न्यू साउथ वेल्समध्ये उमेदवाराला किंवा पक्षाला बिल्डरकडून देणगी घेता येत नाही. २००९ पासून कायद्याने बंदी आहे. पुढच्या वर्षी त्यात तंबाखू, दारू आणि जुगाराच्या कंपन्याही घातल्या. न्यूकॅसलचे महापौर जेफ मॅक्लॉय स्वतः बिल्डर. त्यांच्या बेंटली गाडीत बसून आमदारकीच्या उमेदवारांना पाकिटातून रोख रक्कम दिल्याचं २०१४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे आलं. महापौरांनी पद सोडलं, दोन आमदारांनीही राजीनामे दिले. बंदीच घटनेविरुद्ध आहे असं म्हणून महापौर सर्वोच्च पातळीपर्यंत गेले आणि २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने बंदी कायम ठेवली. (त्यांचं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट.) पाकिटं तिथेही आहेत, हे यातून दिसतंच. पण पाकीट घेतलेलं उघडं पडल्यावर आमदारकी गेली. आपल्याकडे कुठल्या टॉवरवर कुणाच्या शुभेच्छांचं होर्डिंग लागतं हे रोज दिसतं. एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधू द्यायचं याचा, निर्णय घेणारा आणि एफएसआय मागणारा एकाच होर्डिंगवर हसत असतात, आणि त्यात बेकायदा काहीच नसतं.

आता मुद्द्याचं. विधानसभा-लोकसभेची पद्धत बदलायची तर दिल्लीला जावं लागेल, ते राहू द्या. पण महापालिकांच्या निवडणुकीसाठी कायदा करायचा अधिकार राज्यघटनेने राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे, आणि आपलं विधिमंडळ तो हक्क अगदी मनापासून वापरतं. कधी चारचा प्रभाग, कधी तीनचा. मुंबईचे २२७ वॉर्ड एका सरकारने २३६ केले, दुसऱ्याने २०२२ मध्ये परत २२७ वर आणले. सत्तेवर येईल त्याने आपल्या सोयीने पट्टी फिरवायची, इतकं सगळं करता येतं तर एकदा मुंबईच्या वॉर्डांत पसंतीक्रम करून बघायला काय हरकत आहे? वॉर्ड लहान, जागा एकच, मतदार उमेदवाराला तोंडाने ओळखणारे. चाचणीला याहून चांगली जागा नाही. दोनशे सत्तावीस नको, एका सहायक आयुक्ताच्या हद्दीत करा.

अडचणी आहेत. आपल्या मशीनला एकच बटण दाबता येतं, दुसरी पसंती तिला कळत नाही. म्हणजे कागद आला, आणि कागद म्हटला की जुन्या लोकांना मतपेट्या पळवल्याचे दिवस आठवतात. मोजणीही लांबेल. पदवीधरची मोजणी पहाटेपर्यंत चाललेली आपण पाहतो. व्हिक्टोरियात चुरशीच्या जागेचा निकाल लागायला दिवसच्या दिवस जातात आणि तोपर्यंत कुणी गुलाल घेऊन बसत नाही. टीव्हीवाल्यांचं नुकसान होईल, सकाळी दहाला ‘कोण आघाडीवर’ करता येणार नाही. कर्मचाऱ्यांना त्रास होईल हे मात्र खरं, आणि तो कोण सोसतं हे मला माहीत आहे. ड्युटीचा भत्ता वाढवा आणि जेवण वेळेवर द्या, बाकी आम्ही बघून घेतो.

शिकलेल्या वस्तीतले लोक मतदानालाच येत नाहीत, त्यांना पसंतीक्रम कशाला, असंही म्हणतील. २०२४ च्या विधानसभेला कुलाब्यात निम्मे मतदारही बाहेर पडले नाहीत. पण ‘आमच्या मताने काय फरक पडतो, कोण येणार ते ठरलेलंच आहे’ हेच वाक्य मी या लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकलं आहे. ज्याला पडणाऱ्या उमेदवाराला मत वाया घालवायचं नसतं, त्याला आपलं मत आधी हव्या त्याला देऊन मग कामी येईल अशाकडे सरकवता आलं, तर त्याचा हा बहाणा तरी जाईल. सक्तीचा दंड आपल्याला झेपणार नाही. मतदार यादीतलं नाव शोधायलाच इथे माणसाची अर्धी सकाळ जाते, आणि मेलेल्यांना नोटिसा जातील.

व्हिक्टोरियाचं पुढचं मतदान २८ नोव्हेंबर २०२६ ला आहे, तारीख कायद्यानेच ठरलेली असते. आपण पुन्हा भारतीय वंशाच्या उमेदवारांची पुरवणी काढणार असाल तर प्रत्येकाच्या नावाखाली त्याचं कार्डही छापा, म्हणजे त्याने आपल्यानंतर कुणाला दोन नंबर दिला ते वाचकांना कळेल. मेलबर्नच्या मराठी घरांत तुमचा अंक मोबाइलवर वाचतात, त्यांनाही उपयोग होईल.

आणि इथल्या निवडणुकीत आपले प्रतिनिधी उमेदवारांच्या मुलाखती घेतात, त्यात विकासाचं व्हिजन वगैरे विचारून झालं की एक प्रश्न घाला: तुम्ही नसता तर तुमच्या मतदारांनी समोरच्यांपैकी कुणाला मत द्यावं? उत्तर आलं तर छापा, टाळलं तर टाळलं असं नावानिशी छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई